रंगात न्हालेले तिराना

दिवाळी आली की आपण घराला रंग देतो. आल्बेनियाची राजधानी तिराना हिच्या भिंतींना मात्र रंग ठाऊकच नव्हता. १९४४ ते १९८५ एन्वर होजाची हुकूमशाही. पुढे ती राजवटही गेली, पण करड्या, उदास इमारती तशाच उभ्या राहिल्या. २००० साली एदी रामा हे चित्रकार तेथे महापौर झाले. तिजोरी रिकामी, तरीही त्यांनी एक इमारत भडक नारिंगी रंगवून घेतली. बघ्यांची गर्दी लोटली, गाड्या खोळंबल्या. युरोपीय मदतीवर देखरेख करणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याने काम थांबवू पाहिले. रामा बधले नाहीत. मग पिवळे, हिरवे, जांभळे रंग गल्लोगल्ली पसरले. रंगाने पोट भरत नाही, हे खरे. परंतु ज्याला भिंत आपली वाटते, तोच तिच्यापुढचा रस्ता झाडतो.