फरीदी, विनोद आणि वाचकांची पत्रे

लहानपणी सोलापुरात विजापूर वेशीजवळ भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. मी मराठी शाळेत शिकत होतो. उर्दू समजायची, पण वाचता येत नव्हती. त्या दुकानातून मी बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळा पहाड आणायचो. त्यांच्याबरोबर हिंदीतला कर्नल विनोदही यायचा. त्याचा साथीदार होता हमीद.

अब्बांना देवनागरी वाचता येत नव्हती. एका रात्री ते म्हणाले, "क्या पढ रहा है, जरा जोर से पढ." मी दोन पाने वाचली आणि ते हसायला लागले. "विनोद कौन? अरे बेटा, ये तो हमारा फरीदी है!" पुढची गोष्ट त्यांनी मला तोंडपाठ सांगितली. फक्त गुन्हेगाराचे नाव सांगितले नाही. वाचणाऱ्याचा मजा घालवायचा नाही, हा त्यांच्या दोस्तांमधला नियम होता.

फरीदीचा कर्ता इब्ने सफी. खरे नाव असरार अहमद. जन्म 1928 मध्ये, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावी. 'असरार नारवी' नावाने ते शायरी करत आणि 'तुगरल फरगान' नावाने विनोदी लेख लिहीत. उर्दूत तेव्हा जासूसी कादंबऱ्या होत्या, पण बहुतेक भाषांतरित. तीरथराम फिरोजपुरी यांनी इंग्रजीतून आणलेल्या कादंबऱ्या घरोघरी वाचल्या जात. एका बैठकीत कुणीतरी म्हणाले की, उर्दूत आता खपते ते फक्त अश्लील साहित्य. असरार अहमद यांना हे पटले नाही. मित्र अब्बास हुसैनी यांच्या साथीने त्यांनी ते खोटे ठरवायचे ठरवले. मार्च 1952 मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया'चा पहिला अंक निघाला, 'दिलेर मुजरिम'. दर महिन्याला एक कादंबरी.

हा काळ ध्यानात घेतला पाहिजे. फाळणीला पाच वर्षेही झाली नव्हती. उत्तर प्रदेशात 1951 च्या कायद्याने हिंदी राजभाषा झाली होती. उर्दू शाळांतून आणि कचेऱ्यांतून मागे पडत होती. अशा वेळी तरुण पोरे महिन्याच्या महिन्याला उर्दू पुस्तकासाठी दुकानासमोर उभी राहू लागली. उर्दू वाचवण्यावर परिषदा पुष्कळ झाल्या असतील, पण नव्या वाचकाला लिपीजवळ धरून ठेवण्याचे काम या स्वस्त पुस्तकांनीही केले.

त्याच वर्षी, ऑगस्ट 1952 मध्ये, इब्ने सफी कराचीला गेले. लेखक एका देशात, प्रकाशक दुसऱ्या देशात. तरी कादंबऱ्या दोन्हीकडे निघत राहिल्या. 1955 मध्ये त्यांनी 'खौफनाक इमारत' लिहून इम्रान नावाचा नवा नायक आणला. वरून वेडगळ, आतून अतिशय हुशार. दोन्ही मालिका मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या झाल्या. त्यांतला देश कोणता, हे बहुतेक वेळा सांगितलेलेच नसते. त्यामुळे कराचीच्या वाचकाला फरीदी आपला वाटे आणि सोलापूरच्या गिरणीत काम करणाऱ्या माझ्या अब्बांनाही.

मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती 'पेशरस'. कादंबरीच्या सुरुवातीला इब्ने सफी एक छोटी प्रस्तावना लिहीत, तिचे हे नाव. तिथे ते वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत. कुणाला विनोद कमी वाटे, कुणाला जास्त. कुणी कथेतली चूक दाखवी. लेखक कधी मान्य करत, कधी टोपी उडवत. फरीदी आणि इम्रान एकत्र यावेत, ही वाचकांची हौस होती. 1958 च्या 'जमीन के बादल'मध्ये ते दोघे एकत्र आलेही. म्हणजे पुस्तक ही एकतर्फी गोष्ट नव्हती. एक महिना वाट पाहायची, वाचायचे, दोस्तांशी भांडायचे, पत्र लिहायचे आणि पुढच्या पुस्तकात आपल्या पत्राचे उत्तर आहे का ते शोधायचे.

1960 मध्ये लेखक मनाच्या आजाराने खाटेला खिळले. तीन वर्षे लेखणी थांबली. बाजार मात्र थांबला नाही. एन. सफी, नजमा सफी, नगमा सफी अशा नावांची पुस्तके आली. पात्रेही तीच उचललेली. इथे वाचकच जासूस झाले. अब्बा सांगत, "नाम मत देखो, हमीद का मजाक देखो." हमीदचे बोलणे फिके लागले की पुस्तक नकली. नोव्हेंबर 1963 मध्ये 'डेढ मतवाले' घेऊन इब्ने सफी परतले. भारतात त्याचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. शास्त्रीजी अलाहाबादचे खासदार, नुकतेच केंद्रीय गृहमंत्रिपदावरून उतरलेले. पाकिस्तानात राहणाऱ्या जासूसी लेखकाच्या पुस्तकासाठी ते उभे राहिले, यात तेव्हा कुणाला वावगे वाटले नसावे.

आता विनोदकडे येतो. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला, इम्रानचा राजेश झाला, हमीद मात्र हमीदच राहिला. लहानपणी मला यात काही खटकले नाही. मोठेपणी खटकले. मुसलमान नायक हिंदी वाचकाला चालणार नाही, अशी ती भीती होती का? असेलही. पण त्याच वाचकाने हमीदवर जीव लावला, त्याच्या फिरक्यांवर पोट धरून हसला. मला तर वाटते, शंका वाचकाच्या मनात कमी आणि पुस्तक विकणाऱ्याच्या मनात जास्त होती. वाचकाला विचारलेच नव्हते.

इब्ने सफी 26 जुलै 1980 रोजी कराचीत वारले. उर्दूच्या समीक्षकांनी त्यांना बराच काळ दारातच उभे केले होते. आपल्याकडे हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या अर्नाळकरांचेही तेच झाले. वाचनाची गोडी त्यांनी लावली, मानाचे पान दुसऱ्यांना. उशिरा का होईना, चित्र थोडे बदलले. सिनेमातले खलनायक लिहिताना इब्ने सफींचा प्रभाव होता, हे जावेद अख्तर यांनी जाहीरपणे सांगितले. 2011 मध्ये चेन्नईच्या एका प्रकाशनाने चार कादंबऱ्या इंग्रजीत आणल्या. भाषांतरकार होते शम्सुर्रहमान फारुकी, उर्दूचे सर्वांत मोठे समीक्षक आणि अलाहाबादचेच. तिथे फरीदी फरीदीच आहे.

मी उर्दू लिपी चाळिशीत शिकलो. पहिल्यांदा सबंध वाचून काढली ती एक पेशरस, अब्बांच्या ट्रंकेतल्या पुस्तकाची. तेव्हा अब्बा नव्हते. समासात त्यांनी पेन्सिलीने एका वाक्याला खूण केलेली होती. ती का केली, हे विचारायला कुणी उरले नाही.

तुमच्या घरी माळ्यावर अशी पुस्तके असतील, तर रद्दीत देण्याआधी सुरुवातीची दोन पाने बघा. वाचता येत नसतील, तर घरातल्या जाणत्या माणसाला वाचायला सांगा, आणि ऐका. आपल्या सामान्य माणसांची पत्रे छापून उत्तरे देणारा लेखक रोज मिळत नाही.