मताची जाण कोणत्या पिढीला जास्त?

"आजच्या पोरांना राजकारणाचं काही पडलेलं नाही, आमच्या वेळी असं नव्हतं." पांढरकवड्यात जयंतीच्या तयारीची बैठक बसली की हे वाक्य येतंच. बोलणारे ज्येष्ठ आदरणीय आहेत, पण इतिहास तपासल्याशिवाय हे मान्य करता येत नाही.

जुन्या पिढीला मत आयतं मिळालं नव्हतं. बाबासाहेबांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, 1928 मध्ये सायमन कमिशनकडे प्रौढ मताधिकार मागितला. तरी 1935 च्या कायद्यात मत हे मालमत्ता, कर आणि शिक्षणालाच बांधलेलं राहिलं. म्हणजे 1937 च्या निवडणुकीत आपल्या बहुतेक आज्या-पणज्यांचं नाव यादीतच नव्हतं! ते आलं 1951-52 ला. वय 21 लागायचं. पांढरकवडा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होतं. इथल्या माणसानं विधानसभेचं पहिलं मत त्या राज्यासाठी दिलं, 1957 चं मुंबई राज्यासाठी आणि 1962 चं महाराष्ट्रासाठी.

देशात साक्षरता होती जेमतेम 18 टक्के. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. अक्षर न ओळखणारी बाई हत्ती ओळखत होती, कारण 1942 ला नागपुरात उभी राहिलेली फेडरेशन आणि समता सैनिक दल वस्तीत पोचलं होतं. जाण रक्तातून आली नव्हती, ती संघटनेनं घडवली.

1954 ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक तर प्रत्येकानं अभ्यासावी. मतदारसंघ द्विसदस्यीय, प्रत्येकाला दोन मतं. दुसरं मत कुणालाच देऊ नका, कुजवा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. ते काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. मताचं मोल शिकवणारा हा पराभव आपल्या भाषणांत फारसा येत नाही, विजयच येतात.

पुढे 1957 ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि त्याचे गट पडत गेले. त्याला कंटाळलेल्या तरुणांनी 1972 ला पँथर काढली. जानेवारी 1974 मध्ये मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरनं बहिष्कार टाकला. वरळीत दंगल पेटली, भागवत जाधव शहीद झाले. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या. मत न देणाऱ्या त्या पोरांना उदासीन म्हणायची कुणाची हिंमत आहे?

पण आजच्या घरी बसण्याला बहिष्कार म्हणता येत नाही, हेही तरुणांना सांगितलं पाहिजे. 1989 पासून वय 18 आहे. तरी 2024 च्या लोकसभेला 18-19 वयाचे नोंदलेले मतदार देशभरात सुमारे 1.8 कोटी, पात्र तरुणांच्या 40 टक्क्यांहून कमी. स्पर्धा परीक्षेसाठी राज्यघटनेची कलमं पाठ आणि यादीत नाव नाही, अशी गत. नाव असलं तरी ते इथं, पोरगा पुण्यात.

आपला जिल्हा यवतमाळ, लोकसभा चंद्रपूर, विधानसभा आर्णी, तीही अनुसूचित जमातीसाठी राखीव. इथं बौद्ध मतदाराला विधानसभेला 'आपला माणूस' उभा करता येत नाही. त्याला भूमिका पाहूनच मत ठरवावं लागतं, आणि त्यासाठी वस्तीत चर्चा लागते. ती चर्चा घडवणारी शाखा ज्येष्ठांनी मागे ठेवली का?

2022 पासून नावनोंदणीला वर्षातून चार अर्हता तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. अर्ज नमुना 6. पुढच्या बैठकीत वर्गणीच्या वहीशेजारी मतदारयादीही ठेवा, आणि वहीतल्या किती पोरांची नावं तिच्यात आहेत ते तिथंच मोजा.