जप्तीची दवंडी आणि मुद्देमालाचा हिशेब



'इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त' हा मथळा आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो आणि पान उलटतो. त्या मुद्देमालाचे पुढे काय झाले, हेही वर्तमानपत्रात वाचल्याचे आपल्यापैकी किती जणांना आठवते? वस्तू घेतल्याची दवंडी पिटली जाते. घेतलेल्या वस्तूचा हिशेब मात्र क्वचितच चावडीवर येतो. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या इतिहासात या प्रश्नाला फार जुनी आणि फार जवळची अशी दोन्ही उदाहरणे आहेत. त्यांच्याविषयी आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

आधी शब्द पाहू. जप्त, मालखाना, मुद्देमाल हे शब्द मराठीत आले ते फार्सी दरबारी कारभाराच्या वाटेने. १३४७ मध्ये बहमनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याला झाली, पुढच्या शतकात ती बिदरला गेली, आणि त्या कारभाराची भाषा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कुळकर्ण्यांच्या, देशपांड्यांच्या दप्तरांत झिरपत राहिली. ज्या मालावर खटल्याचा मुद्दा उभा राहतो, तो मुद्देमाल. 'पंचनामा' हा शब्द तर गमतीचा आहे. त्यातले पंच आपले आणि नामा फार्सी. सरकारने वस्तू ताब्यात घ्यायची तर गावच्या चार माणसांदेखत घ्यावी आणि ते कागदावर यावे, ही अपेक्षा त्या शब्दातच आहे. म्हणजे जप्तीला साक्षीदार हवेत ही कल्पना आपल्याला परकी नाही.

आता बिदरकडे वळू. महमूद गावानचा मदरसा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. १४७२ च्या सुमारास तो उभा राहिला आणि १४८१ मध्ये तो बांधणाऱ्या वजिराचा शिरच्छेद झाला. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र तयार केले, आणि तिसऱ्या मुहम्मदशहाने चौकशी न करता शिक्षा फर्मावली. इतपत आपण शाळेत शिकतो. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही.

सव्वाशे वर्षांनी विजापूरच्या आश्रयाने लिहिणारा फरिश्ता तो भाग सांगतो. एवढ्या मोठ्या वजिराकडे अफाट संपत्ती असणार, या समजुतीने सुलतानाने त्याच्या खजिनदाराला बोलावून घेतले. खजिनदाराने हिशेब मांडला. वजिराच्या दोन तिजोऱ्या होत्या. एक सरकारी कामाची, फौजेच्या आणि हत्तीघोड्यांच्या खर्चाची. दुसरी गरिबांची, आणि तिच्यात थोड्याच लारी शिल्लक होत्या. स्वतःच्या पोटापाण्याला वजीर आपल्या मूळ भांडवलावरच्या व्यापाराचा नफा वापरत असे, आणि तोही रोज ठरावीक. जप्त करावे असे काही निघाले नाही. फरिश्ता म्हणतो की सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्षभरात तोही मरण पावला.

फरिश्त्याने या प्रसंगाला थोडे रंगवले असेल, असे मानायला जागा आहे. तरीही त्यातली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गावानची निर्दोषता कोणा साक्षीदाराने सिद्ध केली नाही, ती त्याच्या हिशेबवहीने केली. दुर्दैव इतकेच, की वही उघडली ती मान उतरवल्यानंतर. हिशेब आधी मागितला असता, तर कदाचित बहमनी राज्याचा शेवटही निराळा झाला असता.

वही उघडलीच नाही, असेही एक उदाहरण आपल्याकडे आहे. ते बोलायला अवघड आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत १९४८ ची आठवण अजून ओली आहे. त्या वर्षी मे महिन्यात गोर्ट्याला रझाकारांनी काय केले, हे बसवकल्याणच्या बाजूच्या माणसाला सांगावे लागत नाही. घरे लुटली गेली, माणसे सोलापूर-बार्शीकडे निघून गेली. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाच दिवसांत निजामाचे सैन्य शरण आले. त्यानंतर जे घडले त्याचीही नोंद आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरून अहवाल दिला. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. लुटीचेही वर्णन त्यात आहे. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचायला मिळतो, ही बातमी २०१३ मध्ये आली. मधे पासष्ट वर्षे गेली होती.

याचा परिणाम काय झाला, ते पाहा. आपल्या भागात लोकांच्या तोंडी तीन गोष्टींची सरमिसळ झाली. रझाकारांनी किंवा नंतर जमावाने लुटलेले, मालक निघून गेल्यामुळे मागे राहिलेले, आणि सरकारने कायद्याने ताब्यात घेतलेले. या तिन्हींना वेगळे करणारी यादी हवी होती. काही अंशी ती कायद्यात होतीही. १९५० च्या निर्वासित मालमत्ता कायद्याप्रमाणे कस्टोडियनने आधी नोटीस द्यायची, चौकशी करायची, आणि मालमत्ता निर्वासिताची ठरली तर ते जाहीर करायचे. गॅझेटात छापणे हा त्याचाच एक मार्ग. 'कस्टोडियनची जमीन' हा शब्दप्रयोग आपण ऐकला असेल. पण गॅझेट खेड्यात कोण वाचणार? म्हणून ज्याने रीतसर लिलावात जमीन घेतली तोही, आणि ज्याने नुसते कुंपण सरकवले तोही, गावाच्या नजरेत सारखाच संशयित राहिला. हिशेब लपला की चोर सुटतो, हे खरे आहे. पण त्याबरोबर प्रामाणिक माणसाचे नावही डागाळते. मला ते नुकसान अधिक मोठे वाटते.

आज काय आहे? कायदा पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे. पोलिसांनी वस्तू जप्त केली की दंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. मालक सापडत नसेल तर वस्तूंचे वर्णन देऊन जाहीरनामा काढायचा, आणि दावेदाराला सहा महिन्यांची मुदत द्यायची. तेव्हाही कोणी आला नाही, तर ती सरकारची. १९७७ मध्ये म्हैसूर राज्यातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चोरीचे दागिने पोलिसांच्या ताब्यातून नाहीसे झाले आणि पुरेशी काळजी घेतल्याचे दिसत नसेल, तर सरकारने मालकाला किंमत द्यावी. २००२ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त पडून राहू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जिल्हाधिकाऱ्याने साठ दिवसांत पीडितांना वाटावी, उरेल ती सरकारजमा व्हावी, असेही कलम आहे.

कर्नाटकात पोलीस चोरीचा माल मालकांना समारंभाने परत देतात, फोटो छापून येतात. ही चांगली प्रथा आहे. देशाच्या गुन्हे अहवालात चोरीला गेलेल्या आणि परत मिळवलेल्या मालाची रक्कमही दरवर्षी छापली जाते. पण परत मिळवलेला म्हणजे मालकाच्या हाती पडलेला नव्हे. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात किती वस्तू पडून आहेत, किती लिलावात गेल्या, किती सरकारजमा झाल्या, हे सामान्य माणसाला एका पानावर वाचता आले पाहिजे. अमेरिकेत जप्त संपत्तीचा पैसा बऱ्याच ठिकाणी पोलीस खात्याकडेच राहतो. तिथे अशा वार्षिक हिशेबासाठी लोकांना भांडावे लागले. आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा साधा अर्ज आहे. तो कन्नडमध्ये करा किंवा इंग्रजीत, पण करा.

आणि एक विनंती आपल्या घरांसाठी. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतले, उर्दूतले, फसली सनांचे कागद असतील. त्यांत कस्टोडियनची नोटीस असेल, लिलावाची पावती असेल, एखादा पंचनामा असेल. ते रद्दीत देऊ नका, वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. आपल्या बाजूचे निघेल की विरुद्ध, ही भीती असेल तर तीही बाजूला ठेवा. गावानच्या खजिनदारालाही वही उघडताना जिवाची भीती होती. त्याने ती उघडली, म्हणून पाचशेहून अधिक वर्षांनंतरही बिदरमध्ये गावानचे नाव आदराने घेतले जाते.