पाटकऱ्याचा पगार कोण देणार?

मागच्या शनिवारी जळगावला गेलो होतो. तिथे माझा एक मित्र चार-पाच जणांना जमवून झाडं लावतो. संस्था छोटीशीच. वेबसाइट मीच करून दिली होती. 'एक रोप, इतके रुपये' असं लिहून खाली क्यूआर कोड! पावसाळ्यात पैसे आले, रोपं लागली, फोटो निघाले. मे महिन्यात टँकरसाठी आवाहन केलं, तर सगळीकडे सामसूम. निम्मी रोपं जळून गेली.

"रोपं भेटतात भो, पाणी कोण देतं?" मित्र म्हणाला.

आता वेबसाइट तर नीट चालत होती. मग चुकलं कुठे?

मी मूळचा धुळ्याचा. आमच्या पांझरेवर काही शतकं जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकरीच द्यायचे, पूर्वी तर धान्यात. पाटातला गाळ काढायलाही सगळ्यांनी राबायचं. म्हणजे बंधारा एकदाच बांधला, पण वर्गणी दरवर्षीची!

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचंही तेच. जंगल उजाड झालेलं, पाण्याचे हाल. 1990 च्या दशकात चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी केली, झाड तोडणाऱ्याला दंड लावला, श्रमदानातून बंधारे घातले. आज गाव सुमारे 400 हेक्टर जंगल सांभाळतं. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या कामात लावण्यापेक्षा राखणं मोठं आहे.

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा इतिहास बघा. 2000 मध्ये गिव्हइंडिया सुरू झालं, 2010 मध्ये मिलाप, 2012 मध्ये केट्टो. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि पन्नास रुपये पाठवणं चहा पिण्याइतकं सोपं झालं. पैसे पोचवण्याचा प्रश्न आपण सोडवला. पण देणाऱ्याला दाखवलं काय? रोप! एकदा पैसे दिले, फोटो पाहिला, विषय संपला. फडातल्या शेतकऱ्याला मात्र पाणी रोज दिसायचं, म्हणून पाटकऱ्याचं देणं त्याला जड वाटत नसे.

गंमत म्हणजे सोय आपल्याकडे आहेच. जुलै 2020 मध्ये यूपीआय ऑटोपे आलं. त्याने आपण सिनेमांचे हप्ते भरतो, मग पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार का नाही?

रविवारी बसून मित्राचं पान बदललं. रोपाचा दर काढून टाकला. आता तिथे लिहिलंय: टँकर आणि राखणदार, महिना शंभर रुपये. दर महिन्याला खर्चाचा हिशोब आणि किती रोपं जगली, किती मेली, तेही तिथेच टाकायचं. मेलेली लपवायची नाहीत, असं मित्राकडून कबूल करून घेतलंय.

आत्तापर्यंत अकरा जण झालेत, त्यात एक मी. टँकरला एवढे पुरणार नाहीत, माहीत आहे. बघू, येत्या मे महिन्यात कळेलच!