धर्म : व्याख्येचा प्रश्न

‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ म्हणजे धारण करणे ह्या संस्कृत धातूपासून बनला असून कर्तव्य, नीती, आचार व विधिनियम हे त्याचे प्राचीन अर्थ होत. राजधर्म, आश्रमधर्म यांसारख्या शब्दांत ते आजही आढळतात. विशिष्ट श्रद्धा व उपासना असलेला संप्रदाय हा अर्थ मुख्यतः आधुनिक काळात, ‘रिलिजन’ ह्या यूरोपीय शब्दाचा पर्याय म्हणून रूढ झाला. त्यामुळे भारतात धर्माची व्याख्या करताना दोन भिन्न परंपरांचा विचार करावा लागतो.

ई. बी. टायलर ह्या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये चैतन्यमय अशरीरी शक्तींवरील श्रद्धा, ही धर्माची किमान व्याख्या सुचविली. तीत विधी व समाज यांना गौणत्व येते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम याने १९१२ मध्ये पवित्र व लौकिक हा भेद मूलभूत मानला. पवित्र गोष्टींविषयीच्या श्रद्धा व आचार यांची, अनुयायांना एका नैतिक समाजात बांधणारी व्यवस्था म्हणजे धर्म, असे त्याचे मत होते. धर्माला देवतेची कल्पना अपरिहार्य नाही, हे त्याने बौद्ध धर्माच्या उदाहरणाने दाखविले. ही व्याख्या व्यापक आहे. परंतु राष्ट्रध्वजाविषयीची पूज्यभावनाही तीत सामावू शकते, असा आक्षेप घेतला जातो.

भारतीय संविधानाने अनुच्छेद २५ व २६ अन्वये धर्मस्वातंत्र्य दिले. मात्र धर्माची व्याख्या केली नाही. ते काम न्यायालयांकडे आले. शिरूर मठाच्या खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने, मनुष्य व निर्माता यांच्या संबंधावर आधारलेली अमेरिकन न्यायालयाची व्याख्या अपुरी ठरविली. कारण बौद्ध व जैन हे निरीश्वरवादी धर्म तीत बसत नाहीत. विधी, आहार व वेश हीदेखील धर्माची अंगे असू शकतात, असेही न्यायालयाने मान्य केले.

व्याख्येचे सामाजिक परिणाम स्वामीनारायण पंथाच्या खटल्यात स्पष्ट झाले. मुंबई प्रांतातील १९४७ च्या कायद्याने अस्पृश्य मानलेल्यांना हिंदू मंदिरे खुली झाली. आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा असल्याने हा कायदा आपल्या मंदिरांस लागू नाही, असा दावा काही सत्संगींनी १९४८ मध्ये दाखल केला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६६ मध्ये तो अमान्य केला. हिंदू धर्माचे स्वरूप सांगताना त्यांनी लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला. वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता व उपास्य दैवताविषयी नियमाचा अभाव ही तीतील तीन लक्षणे होत.

ह्या निर्णयाने मंदिरप्रवेशाचा हक्क सुरक्षित झाला. तथापि एखाद्या पंथाचे स्वरूप त्याच्या अनुयायांनी ठरवावे की न्यायसंस्थेने, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. धर्माची व्याख्या कोणास सामावून घेते व कोणास वगळते, यावर प्रत्यक्ष माणसांचे हक्क अवलंबून असतात. म्हणून ती केवळ शास्त्रीय चर्चा राहत नाही.