रिडिक बो : अपुऱ्या कारकिर्दीचे मोजमाप

व्यावसायिक मुष्टियुद्धात खेळाडूचे मोठेपण केवळ जयपराजयाच्या आकड्यांवरून ठरत नाही. तो कोणाशी लढला आणि कोणाशी लढलाच नाही, याचाही हिशेब इतिहास ठेवतो. अमेरिकन हेवीवेट मुष्टियोद्धा रिडिक बो याच्या नावावर ४३ विजय आणि अवघा एक पराभव आहे, २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिदालनातही त्याचा समावेश झाला. तरीही १९९०च्या दशकातील श्रेष्ठ हेवीवेटांमध्ये त्याला नेमके कोणते स्थान द्यावे, याविषयी आजही एकमत नाही.

बो हा न्यूयॉर्कमधील ब्राउन्सव्हिल या गरीब वस्तीत वाढला. माईक टायसनही याच वस्तीतला. १९८८च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये बोने सुपर हेवीवेट गटाची अंतिम फेरी गाठली, परंतु कॅनडाच्या लेनॉक्स लुईसविरुद्धची ती लढत पंचांनी दुसऱ्याच फेरीत थांबवली आणि बोला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. या पराभवानंतर त्याच्या जिद्दीविषयी शंका घेतली जात असताना जो फ्रेझियर आणि केन नॉर्टन यांना घडवणारे वयोवृद्ध प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला हाताशी धरले. सव्वासहा फुटांहून उंच असलेले मुष्टियोद्धे सहसा जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवतात आणि अंगाला अंग भिडले की त्याला मिठी मारून वेळ काढतात. बोचा जॅब उत्तम होताच, पण अगदी जवळून, कोपर दुमडून, खालून वर मारलेले त्याचे ठोसे तितकेच घातक होते, आणि एवढ्या थोराड शरीरात हे दोन्ही गुण एकत्र येणे दुर्मीळ होते.

या गुणांचा परमोत्कर्ष १३ नोव्हेंबर १९९२ रोजी लास व्हेगासमध्ये दिसला. अजिंक्य विजेता इव्हँडर होलीफिल्ड याच्याशी झालेल्या त्या लढतीच्या दहाव्या फेरीत बोने एका अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, त्याला हादरवले आणि मग ठोशांचा भडिमार केला. होलीफिल्ड कसाबसा उभा राहिला, इतकेच नव्हे तर फेरी संपता संपता त्यानेच बोला मागे रेटले. अकराव्या फेरीत मात्र बोने त्याला खाली पाडले, आणि बारा फेऱ्यांअखेर तिन्ही गुणलेखकांनी बोच्या बाजूने कौल दिला. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ या विश्वविजेतेपदाला मान्यता देणाऱ्या तीन प्रमुख संस्थांचे पट्टे एकाच वेळी त्याच्याकडे आले. त्या काळी अशा विजेत्यास निर्विवाद विश्वविजेता म्हणत.

वादाचे मूळ याच विजयानंतरच्या महिन्यात आहे. डोनोव्हन रडॉक याला दोन फेऱ्यांत हरवून लुईस डब्ल्यूबीसीचा अधिकृत आव्हानवीर ठरला होता. परंतु मानधनाच्या वाटणीवरून दोन्ही पक्षांची बोलणी फिसकटली आणि डिसेंबर १९९२ मध्ये लंडनमध्ये बोने डब्ल्यूबीसीचा पट्टा सर्वांसमक्ष कचऱ्याच्या डब्यात टाकला. संस्थेने ते विजेतेपद लुईसला दिले. बोने लुईसला टाळले, असे एक पक्ष मानतो. हा सारा व्यवस्थापकांमधील पैशाचा तंटा होता, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही मतांत तथ्य असले, तरी त्यांनी एक गोष्ट नजरेआड केली आहे : विजेतेपदे अनेक संस्थांत विभागलेली असल्यामुळे एक पट्टा सोडूनही विजेता म्हणून मिरवता येत होते, आणि लोकांना हवी असलेली लढत घडवून आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही एका संस्थेकडे नव्हते.

बोच्या वाढत्या वजनाचा दोष मात्र व्यवस्थेच्या माथी मारता येत नाही. १९९२ मध्ये बोचे वजन २३५ पौंड, म्हणजे सुमारे १०७ किलो होते. पुढच्या वर्षी मायकेल डोक्स आणि जेसी फर्ग्युसन यांना अनुक्रमे एका आणि दोन फेऱ्यांत लोळवल्यानंतर, नोव्हेंबर १९९३ मध्ये होलीफिल्डपुढे तो पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याचे वजन २४६ पौंडांवर गेले होते. ती लढत त्याने बहुमताच्या निर्णयाने, म्हणजे दोन गुणलेखकांचा कौल विरुद्ध आणि एकाचा बरोबरीचा अशा निकालाने, गमावली. १९९५ मध्ये सहाव्या फेरीत खाली पडूनही त्याने होलीफिल्डला आठव्या फेरीत नमवले, यावरून त्याच्या धैर्याविषयी शंका उरत नाही. परंतु १९९६ मध्ये आंद्रेय गोलोटाविरुद्धच्या दोन्ही लढतींत तो गुणांवर मागे होता. कमरेखाली वारंवार ठोसे मारल्यामुळे गोलोटा बाद ठरला म्हणूनच बो विजयी झाला, आणि त्या मारातून तो पूर्वीसारखा सावरला नाही. पुढे आपल्याच पत्नी व मुलांचे अपहरण केल्याच्या खटल्यात त्याच्या मेंदूला झालेल्या इजेचा मुद्दा बचाव पक्षाने मांडला, त्याला कारावासही भोगावा लागला.

लुईसने आपल्या मर्यादा वर्षानुवर्षे घासून काढल्या आणि १९९९ मध्ये होलीफिल्डलाच हरवून तो निर्विवाद विजेता झाला. बोने उपजत देणगी अधिक असूनही तिची मशागत थोडाच काळ केली. म्हणून आपल्या काळावर वर्चस्व गाजवणाऱ्यांच्या पंक्तीत त्याला बसवता येत नाही. मात्र न झालेल्या एका लढतीचा ठपका एकट्या त्याच्यावर ठेवून, होलीफिल्डशी झालेल्या तीन लढतींचे मोल कमी लेखणे हाही तितकाच मोठा अन्याय ठरेल. कारण होलीफिल्डला दोनदा हरवणारा मुष्टियोद्धा त्या दशकात दुसरा कोणी नव्हता.