आंबवड्याची जीप : अस्सल काय, नक्कल काय?

१/ भोर तालुक्यातील आंबवडे येथे माझ्या मामांनी तीन वर्षे खपून एक जुनी जीप पुन्हा उभी केली. यंदा ती विकायचे ठरले. जाहिरातीचा मजकूर तयार होता : ‘दुसऱ्या महायुद्धातील अस्सल विलीज जीप.’ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तो तपासण्याचे काम माझ्याकडे आले. त्या तपासाची ही कथा. #थ्रेड

२/ प्रथम जीपचा जन्म. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कारखान्यांकडे हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी केली. नमुना सादर करण्याची मुदत अवघी ४९ दिवस! ती पाळली बँटम या लहानशा कंपनीने. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट यांचा.

३/ परंतु बँटमची उत्पादनक्षमता तुटपुंजी होती. मोठी कंत्राटे विलीज आणि फोर्ड यांना मिळाली. विलीजचे ६० अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्धानंतर त्यांतील कित्येक ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून जगभर विकल्या गेल्या.

४/ भारतात जीप रुजवली ती महिंद्रा कंपनीने. १९४५ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. विलीजच्या परवान्याने मुंबईत माझगाव येथे जीपची जोडणी सुरू झाली.

५/ म्हणजे भारतातील जुन्या जीपचे ढोबळमानाने दोन वंश : युद्धात वापरलेल्या, आणि युद्धानंतर येथे जोडलेल्या. रंग मारल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. मग ओळखायचे कसे?

६/ समोरची जाळी मोजा. फोर्डने रूढ केलेल्या आणि पुढे विलीजनेही स्वीकारलेल्या युद्धकालीन जाळीत नऊ खाचा असतात, तर नागरी ‘सीजे’ मालिकेत सात. युद्धकालीन जीपचे स्टिअरिंग डावीकडे, मागे उघडणारे फळके नाही. फोर्डच्या कारखान्यातील असेल, तर बोल्टच्या डोक्यावरही ‘एफ’ हे अक्षर कोरलेले आढळते.

७/ मामांच्या जीपला खाचा सात. स्टिअरिंग उजवीकडे. मागे फळके. शिवाय बॉनेट चांगलेच उंच. हे उंच बॉनेट म्हणजे सीजे-३बी या मॉडेलची खूण. १९५३ सालच्या या मॉडेलात बसवलेले नवे इंजिन उंचीला अधिक होते, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. महायुद्ध तर १९४५ सालीच संपले होते!

८/ हे सांगितल्यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, पण आबांनी ती मिलिटरीच्या लिलावातूनच घेतली होती. ते खोटं बोलायचे नाहीत.” आजोबा खोटे बोलत नव्हतेच, असे मला वाटते. भारतीय सैन्यानेही सीजे-३बी वापरल्या आहेत. लिलाव खरा असू शकतो. महायुद्ध मात्र सांगता सांगता मागाहून चिकटले.

९/ दुसरा पेच इंजिनाचा. पेट्रोल परवडेना म्हणून आजोबांनी डिझेल इंजिन बसवले होते. त्या काळी अनेकांनी हेच केले. मामांनी शोधाशोध करून त्याच जातीचे जुने पेट्रोल इंजिन मिळवले आणि आर. सी. बुकात तशी नोंद करून घेतली. इंजिन योग्य जातीचे खरे, पण या गाडीचे जन्मजात नव्हे.

१०/ ‘एवढ्याने काय बिघडते?’ असे वाटत असेल, तर स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला घोटाळा आठवावा. १९४८ साली, काश्मीरचे युद्ध चालू असताना, लंडनमधील उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा जीपखरेदीचा करार केला. जीप नव्या नव्हत्या, दुरुस्त करून मिळणार होत्या. पोहोचलेल्या १५५ जीप कामाच्या नाहीत असे आढळले. १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. जुना माल नवा करून विकताना शब्दाला किती किंमत असते, हे या प्रकरणावरून कळावे.

११/ कायद्यालाही हा भेद महत्त्वाचा वाटतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘विंटेज’ नोंदणी होते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणून इंजिनाची गोष्ट घेणाऱ्यापासून लपवणे म्हणजे त्याला थेट अडचणीत टाकणे.

१२/ आता आंबवड्याकडे परत येऊ. या गावात शंकराजी नारायण सचिव आणि कान्होजी जेधे यांच्या समाध्या आहेत. जवळच जेध्यांचे कारी. जेधे घराण्याने जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद नव्याने उभा राहिला.

१३/ त्या शकावलीतील शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही नोंद केवळ जुन्या घराण्यातली म्हणून कोणी मान्य केली नाही. परमानंदाचे ‘शिवभारत’ आणि राजस्थानात मिळालेली जन्मकुंडली यांच्याशी ती जुळली, तेव्हा तिचे वजन वाढले. घरातली आठवण आदराने ऐकावी आणि मग दुसऱ्या साधनाशी ताडून पाहावी, हाच त्यातला धडा.

१४/ नवी जाहिरात मामांनी स्वतः लिहिली : ‘महिंद्रा सीजे-३बी. इंजिन बदललेले, नोंद आहे. मागचा पत्रा नवा. लष्करी लिलावातून घेतल्याचे घरात सांगतात, कागद नाही.’ चौकशा निम्म्यावर आल्या. मनात धरलेली किंमतही मिळाली नाही.

१५/ ज्यांनी जीप घेतली, त्यांनी २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या झाल्यावर एकच गोष्ट जादा मागितली : दुरुस्तीच्या काळातील फोटो आणि काढून ठेवलेल्या जुन्या पत्र्याचे तुकडे. मामांनी ती पेटी मागच्या सीटवर ठेवली. नागेश्वराच्या देवळापर्यंत आम्ही जीपच्या मागे चालत गेलो.

१६/ तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर रंग काढण्यापूर्वी फोटो घ्या, चॅसिस नंबर टिपून ठेवा, बदललेला प्रत्येक भाग तारखेसह लिहा. आणि आजोबांना आजच विचारा : कुठून घेतली, कोणाकडून, किती रुपयांना? मी आबांना हे कधी विचारलेच नाही. #थ्रेड_समाप्त